परदेशातील रस्त्यावरची छेडछाड: नागपूरहून निघताना आणि तिथे पोहोचल्यावर काय करावे

नागपूरची मुलगी कॉलेजात गेली की तिचे बहुतेक फिरणे दुचाकीवर होते. घर मनीषनगरला, शिकवणी धरमपेठेत आणि मैत्रिणी सदरला असल्या तरी ती तोंडाला स्कार्फ गुंडाळून निघते, आणि कोणी मागे लागलेच तर वेग वाढवून पुढच्या चौकाच्या गर्दीत मिसळते. मँचेस्टर, आखेन किंवा टोरांटोला उतरल्यावर ही दुचाकी पहिल्याच दिवशी तिच्या आयुष्यातून जाते. तिथे ती पायी चालते, थांब्यावर एकटी उभी राहते, शेवटच्या ट्रामने परतते, आणि हिवाळ्यात तर दुपारचे वर्ग सुटेपर्यंत अंधार पडलेला असतो. त्यामुळे इथे अंगवळणी पडलेली सावधगिरी तिथे फारशी उपयोगी पडत नाही आणि नवी शिकावी लागते. माझ्या मते ती प्रसंगाच्या रात्रीच्या धैर्यापेक्षा पहिल्या पंधरवड्यात केलेल्या कंटाळवाण्या तयारीवर अधिक अवलंबून असते. हे लेखन मुख्यतः मुलींना उद्देशून आहे. पण वर्णद्वेषी शिवीगाळ आणि धक्काबुक्की मुलांच्याही वाट्याला येते, विशेषतः रात्री सायकलवरून जेवणाचे डबे पोहोचवणाऱ्यांच्या, म्हणून त्यांनीही ते वाचावे.

सामानात काय न्यावे, काय नेऊ नये

घरोघरी पहिला सल्ला मिळतो तो पर्समध्ये मिरचीचा फवारा ठेवण्याचा. भारतात तो सहज विकत मिळतो आणि बाळगणे बेकायदेशीरही नाही. ब्रिटनमध्ये मात्र 1968 च्या फायरआर्म्स कायद्याने असा फवारा प्रतिबंधित शस्त्रांत मोडतो आणि तो नुसता जवळ सापडला तरी गुन्हा होतो. आयर्लंड आणि कॅनडातही माणसावर मारण्याचा फवारा बाळगता येत नाही, आणि ऑस्ट्रेलियाच्या बहुतेक राज्यांत बंदी आहे. जर्मनीत प्राण्यांपासून बचावासाठी म्हणून विकला जाणारा फवारा दुकानात मिळतो, तर अमेरिकेत राज्यागणिक नियम बदलतो. विमानाचा प्रश्न वेगळाच आहे. बहुतेक कंपन्या तो हातातल्या बॅगेतही नेऊ देत नाहीत आणि चेक-इनच्या सामानातही नाही.

भिवापुरी तिखटाचे पाकीट स्वयंपाकासाठी खुशाल न्यावे. तेच तिखट पुडीत बांधून ‘कोणी अंगावर आलेच तर डोळ्यांत टाकीन’ या विचाराने खिशात ठेवले, तर इंग्लंडमध्ये 1953 च्या कायद्यानुसार ती पुडीसुद्धा हत्यार ठरू शकते, कारण तिथे वस्तूइतकाच ती बाळगण्यामागचा हेतू पाहिला जातो. पोलिसाने विचारल्यावर ‘स्वसंरक्षणासाठी ठेवली आहे’ असे प्रामाणिक उत्तर दिले की आपणच आपल्या विरुद्ध पुरावा दिल्यासारखे होते.

याऐवजी पिन ओढताच कर्कश आवाज करणारा छोटा अलार्म घ्यावा. तो किल्ल्यांच्या जुडग्याएवढा असतो आणि ब्रिटनमधील अनेक विद्यार्थी संघटना तो मोफत देतात. तो बॅगेच्या तळाशी टाकून उपयोग नाही. बॅगेच्या पट्ट्याला बाहेरून, ज्या हाताने तुम्ही जेवता त्या हाताच्या बाजूला, तो अडकवावा, आणि दिवसाढवळ्या एकदा वाजवून पाहावा, म्हणजे पिन ओढायला किती जोर लागतो आणि ती परत बसवून आवाज कसा थांबवायचा हे हाताला माहीत होते. त्या आवाजाने समोरचा पळेलच असे नाही. आजूबाजूच्या दहा माना मात्र तुमच्याकडे वळतात आणि तेवढ्यात तुम्हाला बाजूला होता येते.

स्कार्फबद्दलही सांगितले पाहिजे. आपल्याकडे उन्हाळ्यात डोळे सोडून सगळा चेहरा झाकणे ही रोजची गोष्ट आहे. फ्रान्स, बेल्जियम, ऑस्ट्रिया, डेन्मार्क आणि 2025 पासून स्वित्झर्लंड येथे सार्वजनिक ठिकाणी चेहरा झाकण्यावर कायद्याने बंदी आहे. कडाक्याची थंडी किंवा आजारपण यांसारखे काही अपवाद आहेत, पण एरवी दंड होऊ शकतो. आणि दंड झाला नाही तरी लोकांच्या नजरा टाळण्यासाठी बांधलेला स्कार्फच नजरा ओढून घेतो.

पहिला पंधरवडा

राहण्याची खोली ठरवताना भाडे आणि विद्यापीठाचे अंतर एवढेच पाहिले जाते. त्याबरोबर थांब्यापासून दारापर्यंतचे शेवटचे काही मिनिटांचे चालणे कसे आहे हे पाहावे, कारण त्रास बहुधा त्याच टप्प्यात होतो. इंग्लंड आणि वेल्समधील गल्लीनिहाय गुन्ह्यांचा नकाशा पोलिसांच्या पोलीस डॉट यूके या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो. अमेरिकेत 1990 च्या क्लेरी कायद्यामुळे विद्यापीठांना दरवर्षी 1 ऑक्टोबरपर्यंत आपल्या परिसरातील गुन्ह्यांचा अहवाल प्रसिद्ध करावा लागतो. प्रवेश घेण्यापूर्वी क्रमवारी पाहणारे पालक हा अहवाल क्वचितच उघडतात, आणि मला ते नेहमीच नवलाचे वाटते. करार करण्याआधी ओळखीच्या एखाद्या विद्यार्थ्याला रात्री दहा वाजता त्या रस्त्याने व्हिडिओ कॉल करायला सांगावे. दिवे लागतात का आणि दुकाने किती वाजेपर्यंत उघडी असतात, हे जाहिरातीतल्या छायाचित्रात दिसत नाही.

पोहोचल्यावर थांबा ते घर हा रस्ता उजेडात दोन वेगवेगळ्या वाटांनी चालून पाहावा. कोणते किराणा दुकान उशिरापर्यंत उघडे असते, पेट्रोलपंप कुठे आहे, कोणत्या हॉटेलच्या स्वागतकक्षात रात्रभर माणूस असतो, हे मनात टिपून ठेवावे. नागपुरात चौकाचौकांत पानठेला असतो आणि त्यावर रात्री उशिरापर्यंत चार माणसे असतात. युरोपातल्या निवासी गल्लीत संध्याकाळी सातनंतर चिटपाखरू दिसत नाही, म्हणून हे ठिकाण आधी शोधून ठेवावे लागते.

आपत्कालीन क्रमांक पाठ असावेत. भारताप्रमाणेच युरोपीय संघात 112 चालतो. जर्मनीत पोलिसांसाठी 110 आहे. ब्रिटनमध्ये 999, अमेरिका आणि कॅनडात 911, ऑस्ट्रेलियात तीन शून्ये, न्यूझीलंडमध्ये 111, जपानमध्ये पोलिसांसाठी 110. ब्रिटनमधली एक सोय लक्षात ठेवण्यासारखी आहे: मोबाइलवरून 999 लावून बोलणे शक्य नसेल, तर सूचना ऐकून 55 दाबावे, म्हणजे फोन पोलिसांकडे जोडला जातो. मात्र 55 दाबल्याने तुमचे ठिकाण त्यांना आपोआप कळत नाही, त्यामुळे शक्य होताच हळू आवाजात रस्त्याचे नाव सांगावे. तिथल्या रेल्वेत किंवा लंडनच्या भुयारी रेल्वेत त्रास झाला आणि तातडीचा धोका नसेल, तर 61016 या क्रमांकावर संदेश पाठवून रेल्वे पोलिसांना कळवता येते.

आता फोनची तयारी. आपत्कालीन बटण चालू करून ठेवावे. अँड्रॉइडच्या बहुतेक नव्या फोनमध्ये पॉवरचे बटण पाच वेळा दाबले की मदतीचा कॉल सुरू होतो. व्हॉट्सअॅपवर चालू ठिकाण 15 मिनिटे, 1 तास किंवा 8 तास दाखवता येते. ते कोणाला दाखवायचे, यात बहुतेकांचा हिशेब चुकतो. बर्मिंगहॅममध्ये रात्रीचे अकरा वाजतात तेव्हा नागपुरात उन्हाळ्यात पहाटेचे साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार वाजलेले असतात. त्या वेळी आई झोपेतून उठून फोनवरचा निळा ठिपका पाहील, घाबरेल आणि काहीच करू शकणार नाही. ठिकाण दाखवायचे ते त्याच शहरातल्या माणसाला: खोलीतल्या जोडीदाराला, वर्गमैत्रिणीला किंवा महाराष्ट्र मंडळात ओळख झालेल्या एखाद्या काकूंना. ‘पोहोचल्याचा निरोप अमुक वेळेपर्यंत आला नाही तर आधी मला फोन कर आणि मी उचलला नाही तर पोलिसांना कळव’ इतके स्पष्ट ठरलेले असावे.

स्थानिक सोयीही विचारून घ्याव्यात. टोरांटोच्या बसमध्ये रात्री 9 ते पहाटे 5 या वेळेत चालकाला विनंती करून दोन थांब्यांच्या मध्येही उतरता येते. उत्तर अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत रात्री सोबत चालत येणारे स्वयंसेवक असतात. त्यांना बोलवायला संकोच वाटतो, पण त्यांची नेमणूकच त्या कामासाठी असते.

प्रसंग येतो तेव्हा

सगळा त्रास एकसारखा नसतो, म्हणून प्रतिसादही एकच असू शकत नाही. चालता चालता कोणी शेरा मारला, शीळ घातली किंवा देशाचे नाव घेऊन शिवी दिली, आणि तो माणूस जागचा हलला नाही, तर उत्तर न देता, न हसता, चालण्याचा वेग फारसा न बदलता पुढे जावे. आपल्याकडच्या मुलींना अवघडलेपणातून हलके हसण्याची सवय असते. ते हसू तिथला माणूस होकार समजतो किंवा तसे समजल्याचा बहाणा करतो. उलट उत्तर द्यावे की नाही याबद्दल मतभेद आहेत. माझे मत असे की दारू पिऊन असलेल्या किंवा टोळक्यात असलेल्या माणसाला, आणि निर्जन जागी कोणालाच, उत्तर देऊ नये.

कोणी मागे येत आहे अशी शंका आली तर रस्ता ओलांडून पाहावा. तोही ओलांडून आला, तर पुन्हा एकदा ओलांडावा. तरीही तो मागे असेल, तर घराकडे जाणे त्या क्षणी थांबवावे, कारण घर हीच एक गोष्ट त्याला अजून माहीत नसते. आधी हेरून ठेवलेल्या उघड्या दुकानात शिरून गल्ल्यावरच्या माणसाला सरळ सांगावे: ‘तो माणूस माझा पाठलाग करत आहे, मला इथे थांबू द्या.’ तिथून फोन करावा. पोलिसांना फोन करण्याइतके काही झाले आहे का, हा प्रश्न अशा वेळी हमखास मनात येतो. तो प्रश्न फोन घेणाऱ्यावर सोडावा. टॅक्सी बोलावली तर ती आपल्या दाराशी न थांबवता थोडी पुढे थांबवून परत येण्याची युक्ती काही जणी सांगतात, पण त्याने अंधारातले चालणे वाढते. पाठलाग खरोखर चालू असेल तर टॅक्सीने मैत्रिणीकडे जाणेच बरे.

बस किंवा ट्राममध्ये कोणी चिकटून उभे राहिले किंवा हात लावला, तर पहिले काम जागा बदलण्याचे आणि दुसरे बोलण्याचे. वाक्य लहान, मोठ्या आवाजात आणि स्थानिक भाषेत असावे, आणि ते घरी आरशासमोर म्हणून पाहिलेले असावे, कारण घाबरल्यावर नवी भाषा सुचत नाही. जर्मनीत ‘लासेन झी मिश इन रूऽ’ (मला त्रास देऊ नका) असे आदरार्थी रूप वापरून ओरडायला शिकवतात. तसे म्हटल्याने ऐकणाऱ्यांना तो माणूस अनोळखी आहे हे कळते. एरवी जोडप्याचे भांडण समजून लोक तोंड फिरवतात. इंग्रजीत ‘हात काढा, मी तुम्हाला ओळखत नाही’ या अर्थाचे वाक्य तेच काम करते.

इथे नागपूरकरांची एक अपेक्षा मोडून पडते. बर्डीच्या गर्दीत मुलगी ओरडली की लोक विचारपूस न करताच जमतात आणि मग त्यांना आवरावे लागते. लंडनच्या किंवा बर्लिनच्या डब्यात चाळीस माणसे फोनमध्ये डोळे घालून बसलेली असतात. ते निर्दय नसतात. दुसऱ्याच्या भानगडीत न पडणे हा तिथला शिष्टाचार आहे, आणि प्रत्येकाला वाटते की दुसरे कोणी तरी उठेल. म्हणून सगळ्यांना उद्देशून ‘वाचवा’ म्हणण्यापेक्षा एका माणसाला निवडून सांगावे: ‘हिरव्या जॅकेटवाले काका, कृपया चालकाला सांगा’ किंवा ‘ताई, मी तुमच्या शेजारी बसू का?’ नेमके काम सांगितले की बहुतेक लोक उठतात. दुसऱ्या कोणाला त्रास होताना दिसला तर हेच उलट करावे. त्रास देणाऱ्याशी न भिडता तिच्याजवळ जाऊन वेळ किंवा रस्ता विचारावा, म्हणजे तो दुवा तुटतो.

बोलताच येत नसेल अशा वेळेसाठी हाताची एक खूण आहे, जी 2020 मध्ये कॅनडातून पसरली: तळवा समोरच्याकडे करून अंगठा आत दुमडायचा आणि त्यावर चारही बोटे मिटायची. ब्रिटनमधील अनेक बारमध्ये ‘अँजेला’ आहे का असे विचारले की कर्मचारी न बोलता मदत करतात. ही पद्धत 2016 मध्ये लिंकनशायरमध्ये सुरू झाली.

आखाती देशांत जाणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. संयुक्त अरब अमिरातीत छेडछाडीला कडक शिक्षा आहे आणि पोलीस दखलही घेतात. पण चिडून शिवी देणे, बोटाने अश्लील खूण करणे किंवा त्या माणसाचा परवानगीशिवाय फोटो काढणे हेही तिथे गुन्हेच आहेत. तिथे हाताची घडी घालून 999 लावावा.

तक्रार आणि तिची भीती

अनेक देशांत आता याबद्दल स्वतंत्र कायदे आहेत. फ्रान्सने 2018 मध्ये रस्त्यावरील लैंगिक शेरेबाजी दंडनीय केली. कपड्यांखालून चोरून छायाचित्रे घेणे इंग्लंडमध्ये 2019 पासून आणि जर्मनीत 2021 पासून गुन्हा आहे. वंश, धर्म किंवा राष्ट्रीयत्वाचा उल्लेख करून त्रास दिला असेल तर ती बाब तक्रारीत आवर्जून लिहावी आणि नेमके शब्द, घाणेरडे असले तरी, जसेच्या तसे द्यावेत; ब्रिटनसारख्या देशात द्वेषमूलक गुन्ह्याची नोंद वेगळी होते आणि शिक्षाही वाढू शकते.

घरी पोहोचताच, अंघोळ किंवा जेवण करण्यापूर्वी, जे घडले ते मराठीतच लिहून काढावे: वेळ, थांबा, बसचा मार्ग आणि जमल्यास गाडीचा क्रमांक, डबा कितवा, त्याचे बूट, आवाज, सोबत कोण होते. बूट अशासाठी की माणूस जॅकेट काढून टाकतो, पण बूट बदलत नाही. सीसीटीव्हीचे चित्रण ठरावीक काळाने पुसले जाते, म्हणून कळवायला आठवडा लावू नये. स्वतः चित्रण केले असेल तर ते पोलिसांना द्यावे, समाजमाध्यमांवर टाकू नये. जर्मनीसारख्या देशात गोपनीयतेचे नियम इतके कडक आहेत की तक्रारदारावरच बाजू उलटू शकते. प्रकरण शारीरिक अत्याचारापर्यंत गेले असेल तर कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवावेत आणि लगेच रुग्णालय गाठावे, कारण एचआयव्हीपासून बचावाची औषधे 72 तासांच्या आत सुरू करावी लागतात. इंग्लंडमध्ये यासाठी खास केंद्रे आहेत, आणि पोलिसांत जायचे की नाही हे ठरलेले नसतानाही तिथे पुरावा जपून ठेवता येतो.

तक्रार केली तर व्हिसा जाईल, ही समजूत आपल्या मुलामुलींत पक्की बसलेली आहे. वैध व्हिसावर राहणाऱ्या माणसाने गुन्ह्याचा बळी म्हणून तक्रार करणे हे व्हिसाच्या अटींचे उल्लंघन नाही. खरी अडचण दुसरीकडे असते. ब्रिटनमध्ये पदवीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला 20 तास, कॅनडात 24 तास आणि ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला 48 तासच काम करता येते. त्याहून जास्त तास रोखीने काम करणारी मुलगी रात्री एक वाजता घरी परतताना काही घडले, तर ‘तू तिथे काय करत होतीस’ या प्रश्नाला घाबरून गप्प बसते, आणि मालकालाही हे ठाऊक असते. मर्यादेबाहेरचे काम टाळण्याचे हे एक कारण कोणताही एजंट सांगत नाही.

भाषा येत नाही म्हणूनही मागे हटू नये. युरोपीय संघाच्या 2012 च्या पीडित-हक्क निर्देशानुसार तक्रार आपल्याला समजणाऱ्या भाषेत देण्याचा किंवा त्यासाठी भाषिक मदत मिळण्याचा हक्क आहे, आणि तक्रारीची लेखी पोचही मागता येते. ती पोच आणि प्रकरणाचा क्रमांक जपून ठेवावा, कारण पुढे विमा, विद्यापीठ, घरमालक सगळेच तो मागतात.

नागपुरातल्या घरच्यांसाठी

मुलगी घरी सांगत नाही, याचे कारण बहुतेक वेळा घरच्यांचा पहिला प्रश्न असतो. ‘इतक्या रात्री बाहेर कशाला गेली होतीस?’ किंवा ‘आता पुरे झाले, परत ये’ या दोन वाक्यांनंतर ती पुढचा प्रसंग फक्त मैत्रिणीला सांगते, आणि तिसरा कोणालाच नाही. आई-बाबांची काळजी खरी असते, पण पंचवीस लाखांचे कर्ज काढून गेलेल्या मुलीला परत येण्याचा सल्ला धमकीसारखा ऐकू येतो. त्याऐवजी चार साधे प्रश्न विचारावेत: आता कुठे आहेस, सोबत कोण आहे, लागले आहे का, आणि आमच्याकडून काय हवे आहे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा ‘काही नाही, फक्त ऐका’ असे येते, आणि तेवढेच करावे. नातेवाइकांच्या गटावर ही गोष्ट टाकण्यापूर्वी तिची परवानगी घ्यावी. इतवारीतल्या मावशींपर्यंत बातमी पोहोचली की तिला दिवसभर फोन उचलत बसावे लागते.

घरी एका कागदावर तिचा पत्ता, विद्यापीठाच्या सुरक्षा विभागाचा क्रमांक, स्थानिक मैत्रिणीचा क्रमांक, पासपोर्टची प्रत आणि त्या शहरासाठीच्या भारतीय दूतावासाचा किंवा वाणिज्य दूतावासाचा आपत्कालीन क्रमांक असावा. इथून 112 लावला तर तो नागपूरच्या पोलिसांकडेच जाईल. परदेशातल्या प्रसंगासाठी तिथल्या पोलीस ठाण्याचा पूर्ण क्रमांक देशाच्या कोडसह लिहिलेला हवा.

दूतावासाकडून काय मिळते हेही आधी समजून घ्यावे. दूतावास वकिलांची यादी देतो, पासपोर्ट चोरीला गेला तर तात्पुरती कागदपत्रे करतो, स्थानिक पोलिसांकडे पाठपुरावा करू शकतो आणि वेळप्रसंगी इशाराही देतो. ऑगस्ट 2025 मध्ये आयर्लंडमधील हल्ल्यांनंतर डब्लिनच्या भारतीय दूतावासाने नागरिकांना निर्जन भागात, विशेषतः अवेळी, जाणे टाळण्यास सांगितले होते. दूतावास स्वतः तपास करत नाही आणि तिथल्या पोलिसांना आदेशही देऊ शकत नाही. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर, जे 2015 पासून चालू आहे, विद्यार्थ्याने निघण्यापूर्वीच आपली नोंदणी करावी. तिथे तक्रार दाखल केल्यावर तिचा क्रमांक मिळतो आणि ती कुठवर आली हे नागपुरात बसून पाहता येते. तक्रार लिहिताना स्थानिक पोलिसांच्या प्रकरणाचा क्रमांक पहिल्या ओळीत द्यावा, कारण तो नसेल तर अधिकारी पहिले पत्र तोच मागण्यासाठी पाठवतात.